पगारपत्रकातला एक रकाना

प्रति,
संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मी ६५ वर्षांची निवृत्त कारकून आहे. छत्तीस वर्षं आस्थापना शाखेत पगारबिलं केली. वर्तमानपत्राला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. निमित्त झालं आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेल्या एका मजकुराचं. टॅक्स भरणारे मूठभर आणि फुकट खाणारे अफाट, आमच्या घामाचा पैसा मतांसाठी वाटला जातोय, असा त्याचा सूर होता. खाली अकरा जणांचे अंगठे. संध्याकाळी आम्ही निवृत्त मंडळी बाकावर बसतो, तिथे हाच विषय निघाला. एक शेजारी, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठे, अडीअडचणीला धावून येणारे गृहस्थ, मला म्हणाले, "ताई, लाडकी बहीण सुरू झाल्यापासून या कामवाल्या बायका सरळ बोलत नाहीत. माज आलाय. आणि पैसे कुणाचे? तुमचे-माझेच ना?"

मी गप्प बसले. त्याला कारण होतं, ते पुढे सांगते. पण बोलायला हवं होतं, आणि ते राहून गेलेलं बोलणं गेले पंधरा दिवस मला झोपू देत नाही.

आधी पगारपत्रकाबद्दल लिहिते, कारण आयुष्यभर मी तेच केलं. महाराष्ट्रात ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त पगार असला की दरमहा २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो आणि फेब्रुवारीत ३००. दरवर्षी फेब्रुवारीचा पगार झाला की कुणीतरी नवा मुलगा माझ्या टेबलाशी येऊन उभा राहायचा. "मॅडम, या महिन्यात पीटी शंभर जास्त गेलाय." मी हिशेब मांडून दाखवायचे. अकरा महिन्यांचे २२०० होतात, राज्यघटनेच्या २७६व्या कलमाने या कराला वर्षाला २५०० रुपयांची मर्यादा घातली आहे, तेवढी पुरी करायला शेवटच्या महिन्यात ३००. मुलाचं समाधान व्हायचं आणि तो जायचा. हा कर मुळात कशासाठी, असं विचारणारे छत्तीस वर्षांत मला चार-पाचच भेटले असतील.

मी नोकरीला लागले १९८२ साली. तेव्हा घटनेतली मर्यादा वर्षाला २५० होती. आमचे हेडक्लार्क करड्या शिस्तीचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी बिलातल्या त्या रकान्यावर पेन्सिल टेकवली आणि म्हणाले, "हा रकाना कधी चुकवायचा नाही. हा खडी फोडणाऱ्याचा पैसा आहे." त्यांना माझ्या घरचं काही माहीत नव्हतं. मला मात्र हातातला कागद दिसेनासा झाला.

हा कर १ एप्रिल १९७५ पासून लागू झाला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. नोकरदाराने, डॉक्टर-वकिलाने, व्यापाऱ्याने कर द्यायचा, सरकारने तिजोरीतून तेवढीच भर घालायची आणि खेड्यातल्या माणसाने काम मागितलं की त्याला काम मिळायचं. यामागे विचार होता वि. स. पागे यांचा. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचा हा माणूस, पुढे विधान परिषदेचा सभापती झाला. रोजगार हमीचा कायदा दोन्ही सभागृहांनी एकमताने मंजूर केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. अर्ज केल्यावर पंधरा दिवसांत काम द्यायचं, देता आलं नाही तर बेकारी भत्ता द्यायचा. तो भत्ता दिवसाला किमान एक रुपया एवढाच होता, पण सरकारच्या हातून वेळ चुकली तर सरकारने द्यायचा होता. देशाचा कायदा यायला २००५ साल उजाडलं. महाराष्ट्राने तो सव्वीस वर्षं आधी राबवायला घेतला होता आणि त्याचे पैसे माझ्यासारख्या कारकुनाच्या पगारातून आले होते. पुढे अशीही वर्षं आली की गोळा झालेला कर जास्त आणि योजनेवरचा खर्च कमी. त्याचा मला राग आहे. पण मूळ रचना मला आजही अभिमानाची वाटते. शहर आणि खेडं एका रकान्याने बांधलं गेलं होतं. देणाऱ्याला आपण उपकार करतो असं वाटण्याचं कारण नव्हतं आणि घेणाऱ्याला हात पसरावा लागत नव्हता.

आता मी गप्प का बसले ते.

१९७२ साली मी बारा वर्षांची होते. आमचं गाव सांगोला तालुक्यातलं, आणि घर बिनजमिनीचं. विहिरी आटल्या, लोकांनी जनावरं विकली, काही दावणीलाच मेली. राज्यभर सरकारने दुष्काळी कामं काढली. मे १९७३ मध्ये या कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती, त्यांतली एक माझी आई. आधी खडी फोडायला, नंतर पाझर तलावाच्या मातीकामावर. मी शाळा सोडून तिच्याबरोबर जायचे, धाकट्या भावाला सांभाळायला. रेशनवर परदेशातून आलेला तांबडा मिलो मिळायचा. त्याची भाकरी थापताना तुटायची. कामावर पोरांना सुकडी वाटायचे. तिची गोड चव माझ्या जिभेवर अजून आहे, आणि मी ओंजळ पुढे केली तेव्हा आईने तोंड दुसरीकडे फिरवलं होतं तेही डोळ्यांसमोर आहे.

खडी ब्रासवर मोजायचे. मोजणारा हात राखून मोजतो अशी बायकांची कायमची तक्रार. पगार आठवड्याला व्हायचा, कधी लांबायचा, मग वाण्याकडे उधारी. रात्री आई हाताच्या फोडांना तेल लावत बसायची. गावात कुणी "सरकारनं जगवलं" म्हटलं की ती उसळायची. "जगवलं न्हाई. खडी फोडली, तवा पैसं दिलं. फुकाट एक दाणा घेतला न्हाई." सुकडीबद्दल मात्र ती शेवटपर्यंत कधी बोलली नाही.

दुष्काळ सरला, पण रोजगार हमी राहिली. मी मॅट्रिकला असतानाची गोष्ट. गावातला एक मोठा बागायतदार भांगलणीला बायका सांगायला आमच्या दारात आला. मजुरी ठरलेली, म्हणजे त्याने ठरवलेली. आजवर आईने कधी घासाघीस केली नव्हती. त्या दिवशी ती म्हणाली, "न्हाई परवडत दादा. बंडिंगच्या कामावर जास्त पडत्यात." तो तिला काहीच बोलला नाही. ओट्यावर माझा मामा बसला होता, त्याच्याकडे वळून म्हणाला, "तुझ्या बहिणीला माज आलाय. सरकारनं लाडावून ठेवल्यात एकेकीला."

बाकावर त्या संध्याकाळी तोच शब्द ऐकला, जवळजवळ पन्नास वर्षांनी, म्हणून माझी जीभ उचलली नाही. बोलणारा माणूस वेगळा, गावाऐवजी शहर, भांगलणीऐवजी भांडी. पण आईने त्या दिवशी काय गुन्हा केला होता? ती "नाही" म्हणाली होती. नाही म्हणायला पोटाला आधार लागतो, तो तिला आयुष्यात पहिल्यांदा मिळाला होता. मला मनापासून वाटतं, लोकांना खरं बोचतं ते हे. कराचे रुपये नंतर आठवतात.

आमच्याकडे धुण्याभांड्याला येते तिचं नाव लिहीत नाही. चाळिशीची आहे. मला मावशी म्हणते. नवरा आठ वर्षांपूर्वी सोडून गेला, मुलगी दहावी झाली, मुलगा सातवीत. पाच घरची कामं करते. ऑगस्ट २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे जुलै आणि ऑगस्टचे मिळून ३००० रुपये तिच्या खात्यात आले तेव्हा बँकेचा मेसेज वाचून घ्यायला ती फोन घेऊन माझ्याकडे आली होती. "मावशी, नीट बघा, माझंच नाव आहे ना?" त्या पैशांतून तिने पहिल्यांदा मुलाला चष्मा केला. पोराला वर्षभर फळा दिसत नव्हता, वह्या शेजारच्याच्या बघून लिहीत होता, आणि शाळेतल्या बाई त्याला आळशी म्हणत होत्या. पुढचे हप्ते मुलीच्या क्लासला गेले. काही बचत गटात. एकदा तिने पाचशेची साडी घेतली आणि ती घेतल्याचं मला असं सांगितलं की जशी चोरी केली होती. मला वाईट वाटलं. मी माझ्या पेन्शनमधून साडी घेते तेव्हा कुणाला सांगत नाही.

मग दिवाळीनंतर तिने पाचही घरी दोनशे रुपये वाढवून मागितले. सहा वर्षांत पहिल्यांदा. बाकावर ज्याला माज म्हटलं गेलं तो हा.

आता "पैसे कुणाचे" या प्रश्नाकडे येते, कारण तो प्रामाणिकपणे विचारला तर चांगला प्रश्न आहे. आम्ही बाकावर पाचजण बसतो. नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर पडत नाही, पेन्शनधारकाला ७५ हजारांची वजावट वेगळी. आमच्यापैकी दोघांची विवरणपत्रं मीच मोबाईलवर भरून देते. माझ्यासकट चौघांचा यंदाचा आयकर शून्य आहे. म्हणजे आज मी करदाती आहे ती साबण, बिस्किटं, फोनचं रिचार्ज आणि रिक्षाचं इंधन यांवरच्या करामुळे. आमच्याकडे कामाला येणारीही तशीच आहे. रिचार्जवर मला १८ टक्के जीएसटी लागतो, तिलाही १८ टक्केच लागतो. तिचे सगळे पैसे महिनाअखेरपर्यंत खर्च होतात, म्हणून तिच्या रुपयातला करात जाणारा हिस्सा माझ्या रुपयातल्या हिश्श्यापेक्षा कदाचित मोठाच असेल. मी थोडे बँकेत ठेवते. बँकेतल्या ठेवीवर जीएसटी नसतो.

आणि मी कुणाच्या पैशांवर जगते? माझी नेमणूक १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची, म्हणून मला जुनी पेन्शन आहे. भविष्य निर्वाह निधीत मी माझे पैसे टाकले, ते मला परत मिळाले. पेन्शनसाठी माझ्या पगारातून एक पैसा कधी कापला गेला नाही, पगारबिलं मीच करत होते, मला ठाऊक आहे. ती दरमहा तिजोरीतून येते, महागाई भत्त्यासकट, आणि तिजोरीत पैसा करातून येतो. मी ती हक्काची मानते. छत्तीस वर्षं काम केलं आहे, मान ताठ ठेवूनच घेते. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत जाते तेव्हा मला खुर्ची मिळते, पाणी विचारतात. गेल्या खेपेला शेजारच्या रांगेत एक म्हातारी होती, निराधार योजनेतली. काठी टेकून उभी. तिचे बोटांचे ठसे यंत्र घेत नव्हतं. बोटं झिजलेली, काम करून झिजतात तशी. तिला तीन वेळा परत पाठवलं गेलं. मला मिळणारी रक्कम तिच्या कितीतरी पट आहे, दोन्ही एकाच तिजोरीतून येतात, आणि फुकटी म्हणतात तिला.

तिला मिळतात ते आकडेही सांगायला हवेत, कारण बाकावर कुणालाच ते माहीत नव्हते. संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान महिन्याला हजार होतं, २०२३ मध्ये दीड हजार झालं. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तीवेतनात साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसाला केंद्राचा वाटा महिन्याला २०० रुपये आहे. दोनशे. पंधरा वर्षांहून अधिक काळ तो हललेला नाही. त्या काळात माझा महागाई भत्ता किती वेळा वाढला ते मी मोजलेलं नाही, पण निवृत्त होईपर्यंतच्या प्रत्येक वाढीचं बिल मी स्वतः केलेलं आहे.

आईच्या हातचा पाझर तलाव अजून आहे. गाळाने निम्मा भरलाय, पण पाऊस बरा झाला की पाणी धरतो आणि खालच्या अंगाच्या विहिरी पाझरतात. त्या विहिरींवर डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. १९९० पासून रोजगार हमीशी जोडून फळबाग लागवडीची योजना आली, अनुदान मिळालं, आणि सांगोल्याचं माळरान बदललं. मातीकाम करणाऱ्या बायकांना आठवड्याचा पगार मिळाला, तो खाऊन संपला. पाणी मिळालं ते ज्यांची जमीन खाली होती त्यांना, आणि वर्षानुवर्षं मिळतंय. आईला जमीन नव्हती. मी हे असूयेने लिहीत नाही. तेल्या रोगाने बागा गेल्या तेव्हा मुळासकट झाडं उपटताना रडणारी माणसं मी बघितली आहेत, त्यांना मदत मिळायलाच हवी होती. पण सार्वजनिक पैसा कुणाकुणाच्या रानात मुरतो हे एकदा नीट बघावं. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांच्या आयकरात कपात झाली तेव्हा वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडावा लागेल असं केंद्र सरकारनेच सांगितलं होतं. आमच्या ग्रुपवर त्या दिवशी एकाही अंगठ्याने फुकट हा शब्द उचलला नव्हता.

शेजाऱ्यांच्या बोलण्यात खरं काहीच नाही असं मी म्हणणार नाही. या योजनेत बोगस नावं निघाली, आणि त्यांत मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की दोन हजारांहून जास्त सरकारी कर्मचारी महिलांनी लाडकी बहीणचे पैसे घेतल्याचं २०२५ मध्ये सरकारनेच जाहीर केलं. त्या माझ्या पेशातल्या. ज्यांच्या हातात कायम नोकरी, रजा, वैद्यकीय बिलं, सगळं आहे, त्यांनी अर्जावर सही करून कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे असं लिहून दिलं. ते पैसे वसूल व्हायला हवेत, आणि नोकरीच्या नियमांप्रमाणे जे व्हायचं ते व्हायला हवं. पण मग आयतं खाण्याची हाव गरिबांतच असते, हे तरी म्हणू नका.

दुसरीकडे निराधार योजनेची उत्पन्नाची मर्यादा बघा. वर्षाला २१ हजार, म्हणजे महिन्याला १७५०. एवढ्यात जगणारं माणूस महाराष्ट्रात सापडणं कठीण. तलाठ्यापुढे म्हातारी उभी राहते आणि तिला खोटं बोलावं लागतं, कारण खरं बोलली तर औषध बंद. सरकारने मर्यादाच अशी ठेवायची की सरळ माणसालाही वाकावं लागेल, आणि नंतर आम्ही म्हणायचं, हे लोक खोटारडे. माझ्या नोकरीत मी असे दाखले हातात धरले आहेत. आकडा नेहमी वीस हजारांच्या जवळपास असायचा. सगळ्यांना माहीत असायचं.

आणि लाडकी बहीणबद्दल माझा स्वतःचा आक्षेप आहे, तो बाकावरच्या आक्षेपाहून निराळा. २८ जून २०२४ ला अर्थसंकल्पात घोषणा, त्याच दिवशी शासन निर्णय, नोव्हेंबरात निवडणूक. आधी अर्ज भराभर मंजूर, छाननी मतदानानंतर. ज्यांची नावं पुढे कापली गेली त्यांना आधी द्यायलाच नको होते, किंवा द्यायचे होते तर कापायला नको होते. दर महिन्याची तारीख कुणाला माहीत नसते, हप्ता कधी सणाला येतो, कधी लांबतो, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी भाऊ तो देत असतो. भावाने ओवाळणी घातली तर बहीण तक्रार करू शकत नाही. कमी घातली तरी नाही, उशिरा घातली तरी नाही. मला या नावाचाच त्रास होतो. रोजगार हमीच्या १९७७ च्या कायद्याच्या नावात "हमी" होती. पगारपटावर "मजूर" लिहायचे. आता सगळ्या कागदांवर "लाभार्थी" असतं. लाभ घेणारा म्हटलं की देणारा कोण, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. मग मंत्री म्हणतात आम्ही, आणि आमच्या सोसायटीतले म्हणतात आम्ही.

मला विचाराल तर रक्कम थोडी असू द्या, पण ती कायद्याने द्या. कुणाला मिळेल, कुणाला नाही, कोणत्या तारखेला, नाही मिळाली तर दाद कुठे, हे विधिमंडळात चर्चा करून लिहा. परवडत नसेल तर तेही तिथेच सांगा, निवडणुकीच्या आधी. आणि पगारपत्रकावर व्यवसाय कराच्या रकान्याखाली दोन ओळी छापा की हा कर कशासाठी सुरू झाला होता आणि यंदा तो कशावर खर्च झाला. फेब्रुवारीत शंभर रुपये जास्त गेले म्हणून टेबलाशी येणाऱ्या मुलाला ते वाचायला मिळेल.

गेल्या आठवड्यात आमच्याकडे कामाला येणारी ती भांडी घासून झाल्यावर लाडकी बहीणची केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, करायला बसली. तीन संध्याकाळी आम्ही दोघी त्याच पानावर अडकलो. नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक टाकायचा आणि त्यांच्या फोनवरचा ओटीपी. वडील नाहीत. नवरा कुठे आहे ते आठ वर्षांत कळलेलं नाही. विधवा आणि घटस्फोटितांना कागद दाखवून वाट काढता येते, पण तिच्याकडे घटस्फोटाचाही कागद नाही, तो नुसता निघून गेला. तिने फोन पदराने पुसला आणि विचारलं, "मावशी, हे बंद झालं तर विचारायचं कुणाला?"

मला उत्तर देता आलं नाही. आई गेल्यावर तिची पत्र्याची ट्रंक मी उघडली होती. आईला वाचता येत नव्हतं, सहीच्या जागी ती अंगठा करायची. ट्रंकेत लुगड्याच्या घडीत एक मळका कागद निघाला. काम मागितल्याच्या अर्जाची पोच, तारीख आणि शिक्का मारलेली. शेजारी तिने कुणाकडून तरी पेन्सिलीने पंधरा रेघा ओढून घेतल्या होत्या, रोजची एक. नवव्या रेघेवर फुली होती. त्या दिवशी तिला काम मिळालं असणार.

आपली,
एक निवृत्त कारकून

(पत्रात शेजारच्यांचा आणि घरी कामाला येणाऱ्या बाईचा उल्लेख असल्याने कृपया माझं नाव प्रसिद्ध करू नये.)